एक चूल : बेटावरच्या पाच जणांच्या नाट्यवाचनाच्या प्रकल्प नोंदी

५ एप्रिल

बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या बालवाचन गटाने उन्हाळ्याच्या सुटीत मुलांकडून अर्ध्या तासाचे नाट्यवाचन करून घ्यावे, असे आजच्या बैठकीत ठरले. निर्जन बेटावर अडकलेल्या माणसांच्या मनातला भेदभाव मैत्रीमुळे कसा सरतो, हा विषय मी सुचवला होता. गटातील निवृत्त शिक्षिकांनी त्यावर एक अट घातली आणि ती मला मनापासून मान्य आहे : गोष्ट रचलेली नको, घडलेली हवी, कारण रचलेल्या गोष्टीत लेखक दोन वैऱ्यांना हवे तेव्हा एकमेकांच्या गळ्यात पाडू शकतो आणि ही सोय बारा वर्षांच्या मुलालाही बरोबर ओळखू येते.

त्यामुळे १८६४ साली ऑकलंड बेटांवर फुटलेल्या ‘ग्राफ्टन’ या जहाजाची हकिगत घ्यायचे नक्की झाले. संहिता मी लिहायची, तालमी गटातील काकांनी घ्यायच्या आणि जागा म्हणून विश्वामित्री नदीलगतच्या आमच्या इमारतीची गच्ची वापरायची. वाचन १ जूनला, ऊन उतरल्यावर होईल.

१२ एप्रिल

संहितेचा पहिला खर्डा झाला. ऑकलंड बेटे न्यूझीलंडच्या दक्षिणेला सुमारे ४६५ किलोमीटरवर आहेत. तेथे वारा आणि पाऊस जवळजवळ रोजचाच, आणि मनुष्यवस्ती नाही. ‘ग्राफ्टन’ नोव्हेंबर १८६३ मध्ये सिडनीहून कॅम्पबेल बेटाकडे खनिजाच्या शोधात निघाले, तेथून रिकाम्या हाताने परतताना ऑकलंड बेटांच्या कार्नली बंदरात थांबले आणि ३ जानेवारी १८६४ च्या रात्री वादळात नांगराची साखळी तुटून खडकांवर आदळले. जहाजावरचे पाचही जण वाचले : कप्तान थॉमस मसग्रेव्ह, सोन्याच्या शोधात ऑस्ट्रेलियात अनेक वर्षे काढलेला फ्रेंच माणूस फ्रान्स्वा रेनाल, नॉर्वेचा खलाशी अलेक्झांडर मॅक्लारेन, इंग्रज खलाशी जॉर्ज हॅरिस आणि अझोर्स बेटांवरचा पोर्तुगीज आचारी हेन्री फोर्जेस, ज्याचा चेहरा आजाराने विद्रूप झालेला होता.

जहाजावर या पाच जणांच्या जागा ठरलेल्या होत्या. हुकूम कोणी करायचा, दोर कोणी ओढायचे आणि भांडी कोणी घासायची, हे कोणी कोणाला विचारत नसे. जहाजच फुटल्यावर या जागांना आधार कशाचा राहणार, हा प्रश्न थोड्याच दिवसांत उभा राहिला. तेव्हा रेनालने सुचवले की आपण आपल्यातला एक जण निवडावा, पण तो मालक म्हणून नव्हे, तर कुटुंबातला थोरला भाऊ म्हणून. त्याने नरमाईने पण ठामपणे शिस्त राखावी, तंटे मिटवावेत आणि तो अन्यायाने वागू लागला तर बाकीच्यांनी मत देऊन त्याला उतरवावे. हे नियम मसग्रेव्हच्या बायबलच्या कोऱ्या पानावर लिहिले गेले. निवड मसग्रेव्हचीच झाली, आणि उरलेल्या चौघांनी एकेक आठवडा आळीपाळीने स्वयंपाक करायचा, असे ठरले.

या साऱ्या हकिगतीत मला हीच सर्वांत मोठी घटना वाटते. फोर्जेस मुळात आचारी होता. चूल त्याच्याकडेच राहिली असती तर त्या काळात कोणालाही वावगे वाटले नसते, आणि बेटावरची ती झोपडी लवकरच एका लहान जहाजासारखी झाली असती. ज्या दिवशी रेनाल पहिल्यांदा चुलीपुढे बसला आणि फोर्जेस जेवायला बसला, त्या दिवशी पाचांची एक पंगत झाली. म्हणून नाट्यवाचनाची सुरुवात वादळाने करायची नाही, ‘आज रांधायचे कोणी?’ या प्रश्नाने करायची. काकांना वादळ हवे आहे. त्यांनी पत्रा वाजवून पाहिला आणि आवाज खरोखर चांगला येतो. वादळाला दोन मिनिटे दिली आहेत.

१९ एप्रिल

अकरा मुले आली. पाच भूमिकांसाठी पाच रंगांची उपरणी केली असून प्रत्येक प्रवेशात ती वेगळ्या मुलाच्या खांद्यावर जातील, म्हणजे कोणीही मूल अखेरपर्यंत कप्तान राहणार नाही आणि कोणीही अखेरपर्यंत आचारी राहणार नाही. श्रोत्यांचा गोंधळ होईल, ही काकांची शंका रास्त आहे. पण मला तो धोका पत्करावासा वाटतो.

आमच्या इमारतीच्या वॉचमनची बारा वर्षांची मुलगी आज पहिल्यांदा आली. हे कुटुंब दाहोदकडचे, भिल्ल समाजातले. जिन्याशेजारच्या तळमजल्यावरच्या खोलीत सात वर्षे राहते. मुलगी गुजराती माध्यमात शिकते, पण आमच्या अंगणात खेळून मराठी छान बोलते आणि देवनागरी अडखळत का होईना वाचते. तिच्याविषयी लिहिताना एक गोष्ट लिहून ठेवणे मला भाग आहे. जिन्याखालच्या देवळीत या कुटुंबासाठी स्टीलचा एक वेगळा पेला ठेवलेला असे. तो पहिल्यांदा कोणी ठेवला, हे आता विचारूनही कळणार नाही. मीही चहा त्याच पेल्यात ओतून देत असे, आणि इतकी वर्षे मुलांच्या हाती पुस्तके देत असताना त्यात काही खटकण्यासारखे आहे, असे माझ्या मनात एकदाही आले नव्हते.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री धोक्याच्या २५ फुटांच्या पातळीच्या कितीतरी वर गेली, मगरी वस्तीत शिरल्या आणि आमचा तळमजला एका रात्रीत पाण्याखाली गेला. त्यानंतरचे तीन दिवस वीज नव्हती, नळाला पाणी नव्हते, आणि पहिल्या मजल्यावरच्या आमच्या घरात चार बिऱ्हाडांचे सतरा जण होते. गॅसचा भरलेला सिलिंडर एकच होता. देवळीतला पेला देवळीसकट बुडालेला असल्याने कोण कशातून पाणी पिते, हे पाहण्याचे भान कोणाला राहिले नाही. वॉचमनच्या पत्नीने घरोघरचे तांदूळ आणि डाळ एकत्र करून मापाने तीन दिवसांचा हिशेब बांधला. तो आमच्यापैकी कोणालाच बांधता आला नसता, कारण पुरवून खाण्याची वेळ आमच्यावर कधी आलेली नव्हती. दुसऱ्या रात्री ती आणि मी मेणबत्तीच्या उजेडात बराच वेळ बोलत बसलो. शेजारी राहत असूनही तोपर्यंत मला तिचे नावही नीट माहीत नव्हते.

पाणी ओसरले, घरे धुतली गेली आणि दिवाळीपर्यंत देवळीत नवा पेला आला. आमच्या घरात तो वापरला जात नाही, पण तो तेथे आहे. हा विषय मी का सुचवला, याचे खरे उत्तर हे आहे.

२६ एप्रिल

तालमीच्या मधल्या सुटीत मुलांनी डबे उघडले तेव्हा एका मुलाने आपला डबा घेऊन लांब बसण्यास सुरुवात केली. आईने तसे सांगितले होते. संध्याकाळी त्या बाई स्वतः भेटायला आल्या. त्या म्हणाल्या, “ताई, तुमचं नाटक चांगलंच आहे, पण खाण्यापिण्याचं ज्याचं त्याचं राहू द्या.” मी त्यांना वाद घालून पटवू शकले नाही. त्या दुष्ट नाहीत. पुराच्या वेळी त्यांच्या घरून आम्हांला पिण्याचे पाणी आले होते. त्यांना भीती आहे ती आपल्या सासरच्या मंडळींना काय सांगायचे याची.

निर्णय असा झाला की डबे बंद करावेत. प्रत्येक तालमीला तीन मुलांनी गच्चीवरच्या शेगडीवर सगळ्यांसाठी काहीतरी करायचे आणि बाकीच्यांनी बसून खायचे. तिघांची नावे चिठ्ठ्या टाकून ठरतील आणि नियम कागदावर लिहून दारावर चिकटवला जाईल. तो मुलगा गळाला. मला त्याचे वाईट वाटते, कारण रेनालचे संवाद त्याच्या तोंडी फार शोभत होते.

३ मे

आज दुसऱ्या जहाजाचा प्रवेश वाचला. ‘ग्राफ्टन’ची माणसे बेटाच्या दक्षिण टोकाला असतानाच मे १८६४ मध्ये उत्तरेकडे ‘इनव्हरकॉल्ड’ नावाचे मोठे जहाज फुटले. त्यावर २५ जण होते, त्यांपैकी १९ किनाऱ्याला लागले आणि वर्षभराने, मे १८६५ मध्ये, दुसऱ्या जहाजाने सोडवले तेव्हा तिघेच उरले होते : कप्तान डालगार्नो, मेट (कप्तानाचा दुय्यम) अँड्र्यू स्मिथ आणि साधा खलाशी रॉबर्ट होल्डिंग. एकाच बेटावर असूनही दोन्ही गटांना एकमेकांची कल्पना नव्हती. होल्डिंगच्या आठवणींतून असे दिसते की येथे अधिकाऱ्यांनी हुद्दा सोडला नाही. पाणी आणि लाकूड खलाशांनीच आणावे ही अपेक्षा कायम राहिली, थकलेले मागे पडले ते मागेच राहिले, आणि अन्न शोधण्याची खटपट सर्वांत चिकाटीने केली ती त्या साध्या खलाशाने.

ही तुलना मुलांना इतकी आवडली की मलाच ती थोडी आवरावी लागली. दक्षिणेकडचे चांगले म्हणून जगले आणि उत्तरेकडचे वाईट म्हणून मेले, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. ‘ग्राफ्टन’ किनाऱ्याजवळ अडकून राहिल्याने त्याचे शिडाचे कापड, लाकूड, हत्यारे आणि बंदूक हाती लागली, आणि तेव्हा तेथे उन्हाळा होता. ‘इनव्हरकॉल्ड’चे उंच कड्यांखाली अल्पावधीत तुकडे झाले आणि हिवाळा तोंडावर होता. हे दोन्ही संहितेत घालावे, असे मी सुचवले. तेव्हा वॉचमनची मुलगी म्हणाली, “हत्यारं नव्हती हे खरं, पण लाकूड आणायला हात तर सगळ्यांना होते.” हे वाक्य जसेच्या तसे संहितेत घेतले आहे.

समुद्रसिंहांच्या मांसाचा उल्लेख काढावा, अशी सूचना दोन पालकांकडून आली. ती माणसे तेच खाऊन जगली, उल्लेख राहील.

१० मे

ऊन चढण्यापूर्वी मुलांना कमाटीबागेत नेले. निवृत्त शिक्षिकांनी आग्रह धरला म्हणून हा कार्यक्रम ठरला, आणि त्यांचा आग्रह किती योग्य होता हे मला तेथे गेल्यावर कळले.

बडोदे संस्थानाने १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सर्वत्र सक्तीचे व मोफत केले, सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, आणि १९१७ मध्ये नोकरीसाठी ते याच शहरात आले. राहायला जागा मिळेना, तेव्हा त्यांनी दीड रुपया रोजाने एका पारशी विश्रामगृहात नाव बदलून आसरा घेतला. वरच्या मजल्यावर दुसरे कोणी नव्हते, विजेचा दिवा नव्हता; रात्री कंदिलाचा मिणमिणता उजेड आणि वटवाघळांची फडफड. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. बाबासाहेबांनी आपल्या दोन मित्रांना आसऱ्यासाठी विचारले. एक हिंदू होता. त्याला मनापासून वाईट वाटले, पण तो म्हणाला की तू माझ्या घरी आलास तर नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती होता. त्याने बायकोला विचारून सांगतो असे उत्तर दिले. मग रात्री मुंबईची गाडी सुटेपर्यंत सुमारे पाच तास बाबासाहेब या बागेत बसून राहिले. ती जागा आता संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

हे मी मुलांना सांगितले, आणि सांगता सांगता माझ्याच मनातला एक समज ढासळला. मी हा प्रकल्प मैत्रीने पूर्वग्रह सरतो असे धरून सुरू केला होता. येथे मैत्री होती. निदान एका मित्राची कळकळ खरी होती, असे बाबासाहेबांच्याच लिहिण्यावरून वाटते. वरून राजाचा पाठिंबाही होता. नव्हती ती एकच गोष्ट : त्या दोन घरांतली चूल मित्राच्या हाती नव्हती. मैत्री बैठकीच्या खोलीपर्यंत पोचली आणि स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी अडली. एवढ्या मोठ्या, वसलेल्या शहरात एक माणूस निर्जन बेटावर असल्यासारखा अकरा दिवस राहिला, आणि बेटावरच्या पाच जणांना जे सापडले ते त्याला येथे कोणी देऊ शकले नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडले होते की वेगवेगळ्या गटांची माणसे नुसती जवळ आल्याने पूर्वग्रह कमी होत नाही. दर्जा समान हवा, ध्येय एक हवे, ते गाठण्यासाठी एकमेकांवाचून चालणार नाही अशी गरज हवी आणि नियमांचा किंवा अधिकाऱ्यांचा आधार हवा. ‘ग्राफ्टन’वाल्यांनी हे नव्वद वर्षे आधी भुकेपोटी ओळखले होते. संहितेचे नाव आज बदलले. ‘बेटावरचे मित्र’ हे काढून ‘एक चूल’ ठेवले.

परतल्यावर मी इमारतीच्या सचिवांना पत्र लिहिण्यास बसले. देवळीतला पेला गुपचूप उचलून टाकणे सोपे आहे, पण तसा तो पुरातही गेला होता आणि परत आला. तो ठेवायचा नाही, हे सभेत ठरून वहीत लिहिले गेले पाहिजे.

१७ मे

शाळेचा प्रवेश उभा राहिला. लांब रात्री काढण्यासाठी त्या पाच जणांनी झोपडीत शाळा सुरू केली. ज्याला लिहितावाचता येत नव्हते त्याला इतरांनी शिकवले, आणि एकमेकांच्या भाषाही ते शिकले. रेनाल लिहितो की आळीपाळीने गुरू आणि शिष्य होण्यामुळे त्यांच्यात कोणी वरचा, कोणी खालचा उरला नाही. प्रवेश नुसता वाचून जमेना, तेव्हा मुलांनीच एकमेकांना काहीतरी शिकवायचे ठरवले. एकीने मोडी लिपीतले स्वतःचे नाव शिकवले, एकाने सायकलची साखळी बसवणे, आणि वॉचमनच्या मुलीने तीन दगडांची चूल मांडून ओल्या काटक्या कशा पेटवायच्या ते दाखवले आणि आपल्या भाषेतले दहापर्यंतचे आकडे घोकून घेतले. ते आकडे मॅक्लारेनच्या तोंडी नॉर्वेजियन भाषेऐवजी घेतले आहेत. उच्चार चुकला की ती प्रत्येकाला परत म्हणायला लावते. काकांनाही तिने तीनदा म्हणायला लावले.

पत्त्यांचा छोटा प्रसंगही घेतला. रेनालने पत्ते तयार केले होते, पण हरल्यावर मसग्रेव्ह संतापतो हे पाहून त्यानेच ते जाळून टाकले. मैत्री जपायची तर काय खेळायचे नाही, हेही ठरवावे लागते.

भात्याचे काम अपुरे आहे. रेनालने तांबे, लाकूड आणि सीलच्या कातड्याचा भाता करून त्यावर खिळे घडवले होते. आमचा पुठ्ठ्याचा भाता दोनदा फाटला. कापडाचा करावा लागेल.

२४ मे

शेवटच्या प्रवेशावर सर्वांत जास्त चर्चा झाली. नवी नाव बांधणे पुरेशा हत्यारांअभावी जमले नाही, तेव्हा त्यांनी जहाजाची छोटी होडी वाढवून घेतली. तिच्यात तिघेच मावत होते. १९ जुलै १८६५ रोजी मसग्रेव्ह, रेनाल आणि मॅक्लारेन निघाले आणि पाच दिवसांनी स्ट्युअर्ट बेटाला लागले. हॅरिस आणि फोर्जेस मागे राहिले. मसग्रेव्ह लगेच दुसरे जहाज घेऊन त्यांना आणायला परतला, तेव्हा दोघे जिवंत होते, पण त्यांचे पटेनासे झाले होते आणि ते वेगवेगळे राहायला लागण्याच्या बेतात होते, असे त्याने नोंदवून ठेवले आहे.

हा तपशील गाळावा, असे काकांचे मत पडले, कारण मुले मैत्रीची गोष्ट सांगत आहेत आणि ती भांडणावर संपू नये. मला तो ठेवायचा आहे. वर्षाहून अधिक काळ एका चुलीवर जेवलेल्या दोन माणसांची ती मैत्री काही खोटी नव्हती. पण पाचांची मांडणी मोडली, मध्ये बोलायला कोणी राहिले नाही, आणि होडी पुन्हा येईल की नाही याची शाश्वती नव्हती. मतदान घेतले. मुलांनी सात विरुद्ध तीन मतांनी प्रवेश ठेवला. फोर्जेसचे उपरणे शेवटी कोणाच्या खांद्यावर असावे, याची चिठ्ठी वॉचमनच्या मुलीच्या नावाची निघाली.

तालमीनंतर मी तिच्या आईला पत्राचा मसुदा वाचून दाखवला, कारण तिच्याविषयीची गोष्ट तिला न विचारता सभेपुढे नेणे मला बरे वाटेना. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “पेल्याचं लिहा, बेन, लिहा. पण खोलीचं पण लिहा. पाणी येतं तेव्हा पहिलं आमच्यात येतं. गच्चीवरची खोली वर्षभर बंदच असते.” सात वर्षांत ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. पत्र पुन्हा लिहिले. आता त्यात दोन मुद्दे आहेत आणि खोलीचा मुद्दा पहिला आहे.

१ जून

वाचन ठरल्या वेळी झाले. गच्चीवर सुमारे साठ माणसे होती. उपरणी बदलताना श्रोत्यांचा पहिल्या दोन प्रवेशांत गोंधळ झाला, नंतर तो झाला नाही. कापडी भाता टिकला. गळालेला मुलगा आईबरोबर मागच्या रांगेत येऊन बसला होता आणि रेनालचे संवाद ओठांनी म्हणत होता. त्याच्या आईने शेवटी मुलांनी केलेली शेव-उसळ घेतली नाही, मुलाने मात्र मागून घेतली, आणि त्यांनी त्याला अडवले नाही.

शेवटच्या प्रवेशात हॅरिस आणि फोर्जेस पाठ फिरवून बसतात आणि दुरून हाक ऐकू येते. वॉचमनच्या मुलीने पाठ वळवली ती हाकेनंतरही बराच वेळ तशीच ठेवली. संहितेत तसे नव्हते. गच्चीवर अगदी शांतता झाली, आणि मग ती वळली.

सभा ८ जूनला आहे. सचिवांनी पत्र विषयपत्रिकेवर घेतले असून गच्चीवरच्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे, याची चौकशी सुरू केली आहे. पाऊस पंधरा-वीस दिवसांवर आला आहे.